पेल्यातली जाळी

माझे बाबा शिंपी. नालवाडीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. आसपासच्या निम्म्या पुरुषांच्या कमरेची मापं त्यांना तोंडपाठ होती, पण स्वतःच्या कमरेखाली काय बिघडलंय ते मात्र त्यांनी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा शाळेत होते. त्यांना उजवीकडे हर्निया झाला होता. जांघेत लिंबाएवढा फुगा यायचा, आणि बाबा गिऱ्हाइकाकडे पाठ करून तो हातानं आत ढकलायचे. जीन्सच्या कापडाचा, आत कापूस भरलेला एक पट्टा त्यांनी स्वतःच शिवून घेतला होता. तो आईला दोरीवर वाळत घातलेला सापडला.

"हे काय व्हय?" तिनं विचारलं.

"नवीन फॅशन," बाबा म्हणाले.

शेवटी एका सकाळी तो फुगा आत जाईना. बाबा घामाघूम झाले आणि त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत प्लास्टिकच्या धाग्याची जाळी बसवली, कायमची. ऑपरेशन चांगलं झालं, पण बाबांची कुरकुर काही संपली नाही. "थंडीत ओढल्यावानी होते. पायडल मारलं का आत कॉलरीतलं बक्रम लावल्यावानी कडक लागते," असं ते दर हिवाळ्यात म्हणायचे.

दहा-बारा वर्षांनी डावीकडे तसाच फुगा आला. मी तोवर पवनारच्या शाळेत शिकवायला लागले होते. या वेळी बाबांनी पट्टा वगैरे शिवला नाही, सरळ मलाच सोबत घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचे केस आता पांढरे झाले होते.

"काका, मागच्यासारखी जाळी आहेच," ते म्हणाले. "पण एक नवी आलीये. ती हळूहळू विरघळून जाते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रंग जाईल का, कापड आटेल का, या प्रश्नांना उत्तरं देण्यात त्यांचा जन्म गेला होता. कापड विरघळेल अशी हमी देणारा दुकानदार त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

"अन मंग? भोक उघडंच?"

"नाही. ती असते तोवर तिच्या छिद्रांमधून तुमचं स्वतःचं मांस वाढतं. त्याचा थर तयार होतो. मग जाळीचं काम संपतं. वर्ष-दोन वर्षं लागतात."

बाबा टेबलावर पुढे झुकले. "म्हणजे कच्चा टाका!"

"काय?"

"पक्की शिलाई माराच्या आधी लांब लांब टाके घालतो ना जी, कपडा हलू नये म्हणून. शिलाई झाली का उसवून टाकतो."

डॉक्टरांनी हे चक्क कागदावर लिहून घेतलं. "आता सगळ्यांना असंच सांगणार मी," ते म्हणाले. बाबा खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच वाढले. मग डॉक्टरांनी आवाज उतरवून सांगितलं, की जुनी जाळी वर्षानुवर्षं पारखलेली आहे, नवीचा अनुभव थोडा आहे, हर्निया परत येण्याची शक्यता जरा जास्तही असू शकते, तेव्हा घरी जाऊन विचार करा. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि सांगून टाकलं, "मले आता दुसरं बक्रम नाई पाह्यजे."

एक अट मात्र त्यांनी घातली. "उरलेला कपडा गिऱ्हाइकाले वापस द्या लागते. आमच्या धंद्यात तसंच राह्यते."

डॉक्टर हसले आणि त्यांनी शब्द पाळला. जाळी मापाची करताना कापून जे उरलं ते ऑपरेशननंतर सिस्टरनं पिशवीत घालून बाबांना दिलं. मी तेव्हा चहा आणायला गेले होते.

घरी आल्याबरोबर बाबांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं ("रक्त खारटच राह्यते") आणि जाळीचा पांढरा तुकडा त्यात सोडून पेला मशीनशेजारच्या फळीवर ठेवला. रोज सकाळी चष्मा लावून पाहणी व्हायची. गिऱ्हाइकं मापं द्यायला येत आणि पेला बघून जात. एक आठवडा झाला, महिना झाला. जाळी होती तशीच.

बाबांचं तोंड उतरलं. "डॉक्टरनं फसवलं मले. हे का विरघळते?" ते खोकायलाही घाबरायला लागले. डॉक्टरांनी मशीन चालवायची परवानगी दिली होती, तरी जांघेवर हात ठेवून नुसते बसून राहायचे.

मला त्यांची दया आली असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे मला खोडी सुचली. बाबा झोपलेले असताना मी तुकडा बाहेर काढला, त्यांच्याच कात्रीनं एका बाजूनं धागाभर कापला आणि परत पेल्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडा ऐकू आला. "विरघळून राह्यली व! ये ना इकडे, पाह्य!" आई पोळी तव्यावर टाकून धावत आली. त्या दिवशी बाबा ताठ चालले, दुपारी मशीनवर बसले. मग काय, दर दोन-तीन दिवसांनी मी थोडं थोडं कापत गेले, आणि बाबा तसतसे बरे होत गेले.

एका रविवारी मी सहज पेल्यात पाहिलं. जाळी मोठी झाली होती. पहिल्या दिवशी होती त्याहूनही मोठी.

बाबा मान खाली घालून काजं करत होते. "काय झालं व?"

"काही नाही."

"वाढून राह्यली वाटते."

पेल्यातली वाढते, तर आतली? मला दुसरं काही सुचलं नाही. मी फोनकडे गेले आणि डॉक्टरांचा नंबर फिरवायला लागले. तेव्हा मागून हसण्याचा आवाज आला. बाबा दोन्ही हातांनी दोन्ही जांघा धरून हसत होते.

"ठेव तो फोन! तुकडे दोन देल्ले होते मले, मोठा आज टाकला," ते म्हणाले. "विरघळलेल्या कपड्याची कोर अशी सरळ राह्यते काय? चाळीस वर्षं कात्री चालवून राह्यलो मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुह्यी मजा काऊन खराब करू? पण बापाले फसवलं त्याचं काई नाई. कपड्याची कात्री प्लास्टिकवर चालवली, त्याची माफी नाई."

शिक्षा म्हणून वीस पँटींना हूक लावून द्यावे लागले. पेला आईनं पुढे दिवाळीच्या साफसफाईत रिकामा केला. तोवर कोणाचं त्याच्याकडे लक्षही राहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी तपासणीला गेलो तेव्हा बाबांनी डॉक्टरांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "काका, ती अंगाच्या उबेत विरघळते. पेल्यातलं पाहून आतलं नाही कळायचं. खोका बरं." बाबा इतके जोरात खोकले की बाहेर रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. डावी बाजू पक्की होती.

बाहेर बाकावर एक शेतकरी जांघ धरून बसले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायला बघत होते. बाबा त्यांच्याजवळ जाऊन बसले. "भाऊ, हे पाहा, ही इकडची जुनी, अन ही नवी," असं म्हणत त्यांनी पँटीच्या हुकाला हात घातला. मी तिथून पळाले आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले.

बाबा अर्ध्या तासानं आले. "त्यानं तारीख घेतली ऑपरेशनची," ते म्हणाले. "चाल, मले लय भूक लागली."