वहिनीची राखीव खुर्ची

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. त्यामुळे दादा सरहद्दीवर मारला गेल्यावर दारात येणाऱ्या प्रत्येक साहेबाशी बोलायला मलाच पुढे केलं जाई. शहरातल्या युद्धस्मारकाचा विस्तार ठरला तेव्हाही तसंच झालं. जुन्या भिंतीवर नावांना जागा उरली नव्हती. नवी भिंत उभी राहिली, तिच्यावर दादाचं नाव आलं, आणि उद्घाटनाला वहिनीने चार शब्द बोलायचे होते. "भाषण तुम्हीच लिहून द्या, ताई," साहेब म्हणाले. मला बरं वाटलं. लिहिता येत होतं मला, आणि चांगलं येत होतं.

वहिनी तेव्हा तिशीचीही नव्हती. शाळेचं झेंडावंदन असो, गणेश मंडळ असो, तिला पहिल्या रांगेत बसवत. आमच्या खराडीतली शेतं जाऊन काचेच्या इमारती येत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला फीत कापायला वीरपत्नी हवी होती. फिकट जांभळी साडी, शाल, नारळ. ती जराशी हसली की फोटोवाला म्हणे, "वहिनी, थोडं गंभीर."

विश्रांतवाडीच्या एका शिक्षकाने तिला मागणी घातली होती. बायको वारलेला, सरळ माणूस. वहिनीला तो पसंत होता. आई मात्र हटत नव्हती. "त्याचं नाव भिंतीवर लागतंय, अन् ही दुसऱ्याच्या घरात? लोक काय म्हणतील?" मला वहिनीचं पटत होतं, पण आईपुढे माझी बी.ए. चालत नसे.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात भाषण वाचून बघत होती. मधेच थांबली आणि एक जागा पुन्हा वाचली. "'आता ते एका घराचे राहिले नाहीत. त्यांची आठवण ठेवण्याची जबाबदारी साऱ्या शहराने घेतली आहे. हे स्मारक त्यासाठीच आहे.' वन्सं, हे मनापासून लिहिलंत, का ऐकायला बरं वाटतं म्हणून?"

"मनापासून. उगाच कशाला लिहीन?"

"मग साऱ्या शहराने घेतलीये, तर मला सोडा की."

आई पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. "शहर काय करतंय? सुट्टीला पोरं घिऊन येतंय, तिथल्या रणगाड्यापाशी फोटो काढतंय, भेळ खाऊन जातंय."

"मी तरी वेगळं काय करते, आई? मीपण फोटोच काढून घेते."

तवा तापला, पहिली भाकरी पडली. मग आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे तिला. पण ती खुर्ची मोकळी दिसली तर माझं पोर सगळे इसरतील. तू बसतीस का तिथं?"

बसायचं म्हणजे एकदा नव्हे, हे कळायला शिक्षण लागत नाही. वहिनी कागदाची घडी घालत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ते का, हेही मला कळलं.

"बसते," मी म्हणाले.

उद्घाटनाला वहिनीने भाषण वाचलं, एकही शब्द न गाळता. महिन्याभरात ती विश्रांतवाडीला गेली. तेव्हापासून पहिल्या रांगेत मी असते. आयोजक दरवेळी विचारतात, "वीरपत्नी नाही आल्या?"

"मी बहीण."

"असू दे, असू दे, बसा," म्हणतात. सूत्रसंचालकाच्या हातात जुनाच कागद असतो. तो माईकवर वीरपत्नींना मंचावर बोलावतो, माना माझ्याकडे वळतात, आणि मी उठते.