ओपलचा हात

आमच्या स्टुडिओत गुंडांचे चित्रपट कापून जोडायचं काम ओपल लिंडक्विस्टकडे असे. मिनेसोटातल्या पाद्र्याची मुलगी, पण मुडदे पाडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. झाडणारी बंदूक आणि मरणारा माणूस एका चौकटीत दिसता कामा नये, असा सेन्सॉरचा नियम. ओपल दोन तुकडे असे जोडायची, की बघणाऱ्याला गोळी आपल्यालाच लागल्यासारखं वाटावं. मी तिच्या शेजारी बसून रिळं गुंडाळायची.

पस्तीस सालच्या वसंतात एक चित्रपट सेन्सॉरकडून परत आला. त्यातला गुंड अकरा माणसं मारतो, शेवटी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडतो आणि पोलिसांच्या गोळीनं मरतो. ते त्यांना फार आवडलं होतं. आक्षेप होता त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईवर. नवऱ्याला सोडलेली बाई शेवटी शिकागोच्या गाडीत बसून सुखरूप जाते म्हणजे काय? तिला शिक्षा झालीच पाहिजे.

"अकरा मुडदे पचले गं यांना," ओपल म्हणाली, "एक जिवंत बाई घशात अडकली."

त्याच आठवड्यात तिला ऑफिसात बोलावणं आलं. ग्रोव्हर नावाच्या आमच्याच सुताराबरोबर ती चार वर्षं लग्नाशिवाय राहते, हे कुणीतरी वर पोचवलं होतं. ग्रोव्हरची बायको सेंट लुईची कट्टर कॅथलिक. ती जन्मात घटस्फोट देणार नव्हती. आमच्या करारात सद्वर्तनाचं एक कलम होतं. स्टुडिओचा कारभार पाहणाऱ्या क्रुगरसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. शुक्रवारपर्यंत लग्नाचा कागद आणा, नाहीतर काम सोडा. मी रिळांची यादी द्यायला गेले होते, दारातच थबकले.

"साहेब, टालबटसाहेबांनी कुठला कागद आणला?" ओपलनं विचारलं. टालबट आमचे दिग्दर्शक. बायको पॅसाडिनात आणि एकोणीस वर्षांची पोरगी समुद्रकाठच्या बंगल्यात ठेवलेली, हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक होतं.

"ते त्यांचं खाजगी आयुष्य आहे, मिस लिंडक्विस्ट."

"आणि माझं?"

"तुमचं ते वर्तन."

शुक्रवारी चित्रपटातल्या त्या बाईचं मरण चित्रित करायचं ठरलं, म्हणजे सेन्सॉरला हवी ती शिक्षा झाली. नटी तोवर दुसऱ्या चित्रपटावर गेली होती, पण पलंगावरून लोंबणारा नुसता हातच तर हवा होता. अशा वेळी जवळपास असेल त्याला धरून आणतात. ओपलची बोटं नाजूक, म्हणून तिला बोलावलं. सामान सांभाळणाऱ्या सायलसनं तिच्या बोटात लग्नाची अंगठी चढवली. पाहणाऱ्यांना बिचाऱ्या नवऱ्याची आठवण व्हायला हवी ना.

टालबटसाहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. "छान. पापी बाईचा हात असाच असतो."

"दुसराही घ्या साहेब," ओपल पडल्या पडल्या म्हणाली, "तोही तसलाच आहे."

सगळे खदखदून हसले. कॅमेरा फिरला, हात पडला, पहिल्याच खेपेला जमलं.

"अंगठी दे, ओपल," सायलस म्हणाला.

"जरा राहू दे. क्रुगरसाहेबांना दाखवून येते."

पुन्हा हशा झाला. मीही हसले. ती मात्र खरंच जिना चढून वर गेली. पाचच मिनिटांत खाली आली, अंगठी सायलसच्या हातावर ठेवली, खुंटीवरचा कोट काढला आणि निघून गेली. मला फार वाईट वाटलं. पण मी तिच्यामागे गेले नाही.

सोमवारी तो तुकडा धुऊन आला, तो मी जोडला. ओपलच्या टेबलावर आता मला बसवलं होतं. माझा नवरा सहा वर्षांपूर्वी डेन्व्हरला पळाला होता, आणि दर रविवारी माझ्याकडे कोण येतं, हे एकट्या ओपलला माहीत होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. माझ्या बोटात अंगठी होती, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.