वैद्याचा पत्ता

बंगल्याची राखण संपवून घरी निघालेला तो पन्नाशीचा माणूस मला रोज सकाळी मळवली स्टेशनच्या बाकावर भेटायचा. लोकल येईपर्यंत आम्ही मोबाइलवर पत्त्यांची लढाई खेळायचो. तो सैनिक घ्यायचा, मी वैद्य. माझ्या वैद्यानं मेलेला पत्ता उठवला, की तो बाहीनं स्क्रीन पुसून पुन्हा बघायचा.

"वैद्य लय भारी पडतोय, सर. त्याची ताकद कमी कराय पायजे."

"त्याला कुणावर वार करता येत नाही. उठवताही आलं नाही, तर घेईल कोण त्याला?" मी हट्टानं भांडायचो.

एकदा तो म्हणाला, "बायकूला तीन दवाखान्यांत नेली. एकाकडं बी ह्यो पत्ता न्हवता."

त्यानंतर मी वैद्य घेतला नाही. तो रोज जिंकू लागला. आठवड्याभरात त्यानं खेळच काढून टाकला.

"आता कुनी उठतच न्हाई," म्हणाला.