मानाची चादर

आमच्या चर्चच्या मंडळीत बाहेरून कुणीही सुवार्तिक आला, की त्याला चादर मिळते. सोलापुरात दुसरं काय देणार? शाल दुकानातून आणावी लागते, चादर आमच्या गल्लीतच विणतात. चर्चच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट चालू, अलीकडे आमचं गाणं चालू, आणि शेवटी पाहुण्याच्या खांद्यावर कडक घडीची नवी कोरी चादर. मग टाळ्या, फोटो आणि पाहुणे चालले स्टँडकडे.

हे मी रागानं लिहिते आहे, आधीच सांगते. राग जुना आहे, पण विझलेला नाही.

सुवार्तिक म्हणजे गावोगाव फिरून प्रभूचं वचन सांगणारा माणूस. आमच्याकडे असे पुष्कळ येऊन गेले. मांडव पडायचा, कर्णे लागायचे, तीन संध्याकाळ सभा व्हायची. सांगणारा तर असा सांगायचा, की बायकांचे पदर भिजायचे. ‘कोण कोण प्रभूच्या मागं येणार?’ असं विचारलं की हात वर. माझाही वर. दर वर्षी तेच हात, तीच माणसं. सोमवारी मांडववाला बांबू काढून न्यायचा आणि आम्ही होतो तिथंच. मी घरी टॉवेलला शिलाई मारते. माझी मुलगी मशीनपाशी बसून विचारायची, ‘आई, देवाला सगळं माहीत असतं, तर मग आपण त्याला सांगायचं कशाला?’ मी म्हणायची, पाळकांना विचार. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा यायचे, कारण त्यांच्याकडे आणखी चार गावं होती. तोवर पोरगी प्रश्न विसरून जायची. असं म्हणतात की आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आमचा आड कुणी खणलाच नव्हता, नुसत्या चादरी वाटल्या होत्या.

मंडळीचा कारभार माझ्या चुलत सासऱ्यांकडे, ते चर्चचे ‘वडील’. त्यांना आम्ही मामा म्हणतो. चर्चची किल्ली, कपाटाची किल्ली आणि शेवटचा शब्द, तिन्ही त्यांच्याचकडे. माणूस वाईट नाही. पाळक नसताना चर्च झाडून उघडं ठेवलं ते त्यांनीच. रविवारी एका जुन्या छापील पुस्तकातून प्रवचन वाचायचे, तेही सावकाश, चष्मा सावरत. पण दुसऱ्या कुणी वाचलेलं त्यांना चालायचं नाही, आणि बाईनं तर मुळीच नाही.

अशात वरच्या कार्यालयानं आमच्याकडे काही महिन्यांसाठी एक सुवार्तिक पाठवली. पाठवला नव्हे, पाठवली. अक्कलकोटच्या पलीकडच्या, सीमेवरच्या गावची साठीची बाई. पायात प्लास्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी. अर्धं वाक्य मराठी, अर्धं कानडी. सगळे तिला अक्का म्हणू लागले. मामांचं तोंड पडलं. त्यांनी मांडववाल्याशी बोलून ठेवलं होतं.

पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर मामा रिवाजाप्रमाणे चादर घेऊन पुढं आले आणि त्यांनी घडी मोडली. अक्कांनी हात आडवा धरला.

‘राहू द्या की वडील. चादर घेतली की मानूस पाहुणा हुतो. पाहुण्याला उद्या घरी जावं लागतंय.’

‘अहो, मंडळीचा मान हाय ह्यो.’

‘व्हय, मान हाय. म्हनून तर ठिवा म्हन्ते. ज्या दिवशी मी मागं गप बसीन आन तुमची मानसं पुढं हुबा ऱ्हाऊन सांगतील, त्या दिवशी घिते बघा.’

कुणी सत्कार नाकारतं हेच आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मामांनी चादर परत घडी करून कपाटात ठेवली. किल्ली फिरवताना जरा जास्तच आवाज झाला.

मांडव पडला नाही. अक्का घरोघर जाऊ लागल्या, आणि गुरुवारी दुपारी माझ्या अंगणात बैठक भरू लागली, कारण माझ्या दारात लिंबाची सावली आहे. पाच-सात बायका यायच्या, कधी एखादा पुरुष. माझी शेजारीण तेलुगू घरातली. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची. अक्का एक गोष्ट सांगायच्या, साधीच, आवाज न चढवता. सांगून झाली की एकीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, ‘आता तू हेळ.’

कानडीत हेळ म्हणजे सांग. एवढाच शब्द, पण आम्हाला घाम फुटायचा. आयुष्यभर ऐकलेलं होतं, सांगितलं कुणी होतं? तोंड उघडलं की कळायचं, आतमध्ये काहीच धड शिल्लक नाही. अक्का कुणाचं चुकलं तर दुरुस्त करायच्या नाहीत. दुसरीला विचारायच्या, ‘असं हाय काय गं?’ मग सगळ्यांनी मिळून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि शोधायचं.

विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईची गोष्ट माझ्या वाट्याला आली. प्रभू तिच्याकडे पाणी मागतो, बोलतो, आणि ती गावात जाऊन सगळ्यांना बोलावून आणते. मी सांगितलं, ‘मग तिनं घागर भरली, घरी नेऊन ठेवली आन गावात गेली.’

‘असं हाय काय गं?’ अक्का म्हणाल्या.

शोधलं. तसं नव्हतं. तिनं घागर तिथंच टाकली होती.

‘टाकली?’ कोपऱ्यावरची वहिनी उसळली. ‘पानी टाकून गेली? हिच्या गावात नळ रोज येत असंल मग!’

सगळ्या हसल्या. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं, आणि सुटलं की मयताच्या घरातूनही बाई हंडा घेऊन उठते. माझ्या डोक्यातली बाई सोलापूरची होती, तिनं आधी घागर घरी पोचवली. त्यावर त्या दुपारी किती वेळ वाद चालला. घागर का टाकली? घाई होती म्हणून? परत यायचं होतं म्हणून? शेवटी वहिनीच म्हणाली, ‘त्यालाबी तहान लागलीच हुती की. घागर ठिवली म्हंजे त्यो पीत बसंल, आपन तवर जाऊन येऊ.’

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, ‘हे मला कुनी शिकिवलं न्हवतं बघ. आता म्या पुढच्या गावात हेच सांगनार.’

मला त्या दिवशी काय झालं ते सरळ लिहिते. मला हक्काचं वाटलं. शास्त्र हे वरून कुणीतरी वाढायचं आणि आपण ताट धरून बसायचं, असं इतकी वर्षं वाटत होतं. ते आता आमच्या अंगणात, लिंबाखाली, आमच्या तोंडून निघत होतं. मुलीनं तिचा जुना प्रश्न परत काढला तेव्हा मी पाळकांकडे बोट दाखवलं नाही. ‘बस,’ मी म्हणाले, ‘शोधू.’

शेजारीण मात्र एक शब्द बोलत नव्हती. ‘हेळ’ तिच्यापाशी आला की ती मान खाली घालून विडीचा दोरा गुंडाळत राही. अक्का म्हणायच्या, ‘पुढच्या खेपी,’ आणि पुढं जायच्या. असे किती गुरुवार गेले असतील. मराठी तिला समजायचं, पण बोलायला जीभ वळत नाही असं तिला वाटायचं, आणि रविवारी ती कायम शेवटच्या रांगेत दाराला टेकून बसायची.

मग एका रविवारी पुढं उभं राहून सांगायचं सोडून अक्का त्या शेवटच्या रांगेत जाऊन तिच्या शेजारी बसल्या. मामांनी पुस्तक विसरल्यासारखं खिसे चाचपले, घसा खाकरला, अक्कांकडे बघितलं. अक्का छताकडे बघत होत्या. मी उठले. पुढं जाऊन उभी राहिले. वहिनीनं गाणं घेतलं, मी गोष्ट सांगितली, मग लोकांना विचारलं, आणि लोक बोलले. चर्चमध्ये लोक बोलले! एका म्हाताऱ्या बाबांनी तर मलाच उलटा प्रश्न केला. उपासना संपल्यावर आम्ही बायका मामांकडे गेलो आणि म्हणालो, मामा, चादर काढा, अक्कांचा दिवस आला.

‘किल्ली घरी ऱ्हायली,’ मामा म्हणाले.

किल्ली करदोड्यासारखी कायम त्यांच्या कमरेला, हे सगळ्या जगाला माहीत. अक्का नुसत्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांना टेंभुर्णीकडच्या एका मंडळीत जायचं होतं. स्टँडवर मी चादरीचं रडगाणं लावलं तर म्हणाल्या, ‘अय्यो, मला काय थंडी वाजती? तुमी सांगता व्हय, मग झालं की.’ आणि गाडीत चढल्या.

त्यानंतर बैठक आम्हीच चालवली. कधी मी, कधी वहिनी. माणसं वाढली. माझ्या घरातली सतरंजी अपुरी पडू लागली, उशिरा येणाऱ्या बायका उघड्या फरशीवर बसू लागल्या. आणि एका दुपारी सगळ्या गेल्यावर शेजारीण मागं रेंगाळली. सूप कमरेवर, नजर जमिनीवर.

‘तेलुगूत सांगितलं तर चालतंय काय?’

‘चालतंय की!’ मी म्हणाले. ‘न चालायला काय झालं?’

‘मग पुढच्या गुरुवारी.’

मला रात्रभर आनंदानं कूस बदलावी लागली. आणि नेमक्या मधल्या रविवारी मामांनी घाव घातला.

आमच्याकडे नवीन पाळक आले होते. तरुण, शिकलेले, बोलायला मऊ. उपासना संपली, मामा उभे राहिले. ‘आता मंडळीला कायमचे पाळक मिळाले. शिकवायचं ते शिकवतील. घराघरात ज्यानं त्यानं आपल्या मनानं सांगायचं, ह्येला हेळ म्हणत न्हाईत, हेळसांड म्हणत्यात.’ पुढच्या रांगेतले काही हसले. शब्द चांगला सापडला होता, मी नाही म्हणत नाही. ‘म्हणून गुरुवारची बैठक हितून पुढं बंद. पण आमच्या सूनबाईनं मधल्या काळात सेवा केली, तिचा मान झाला पाहिजे.’

आणि त्यांनी कपाट उघडलं. किल्ली कमरेलाच होती.

तीच चादर. घडीवरून ओळखली, अक्कांसाठी एकदा मोडून परत घातलेली. मामांनी ती माझ्या खांद्यावर टाकली, टाळ्या सुरू झाल्या, आणि मला सगळं लख्ख कळलं. आमच्याकडे चादर आल्याबद्दल देत नाहीत, जाण्याबद्दल देतात. खांद्यावर चादर पडली की समजायचं, आता पुढचा माणूस. माझ्या अंगाची आग झाली. मी दाराकडे बघितलं. शेजारीण टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता, की जणू हातातोंडाशी आलेलं कुणी काढून घेतलं. गुरुवार तिचा होता. परत ती त्या दाराला टेकली असती आणि जन्मभर टेकूनच राहिली असती.

पाळक म्हणाले, ‘ताई, दोन शब्द बोला.’

अक्का असत्या तर त्यांनी हात आडवा धरला असता. मी धरला नाही. मी चादर खांद्यावरून काढली, नीट घडी घातली आणि छातीशी घट्ट धरली.

‘मामा, अक्कांनी घेतली न्हाई, मी घेते. लई बरं केलं तुमी. गुरुवारी फरशी गार लागती, खाली अंथरायला एक कमीच पडत हुती.’

टाळ्या थांबल्या. भिंतीपलीकडचे माग तेवढे खडखडत राहिले.

‘सूनबाई,’ मामा म्हणाले, ‘मानाची चादर हाय ती.’

‘व्हय मामा. म्हणूनच मानाची मानसं बसतील की तिच्यावर.’

‘बैठक बंद झालीय म्हणून सांगितलं मी.’

‘तुमी चर्चची किल्ली ठेवा मामा. माझ्या अंगणाला कुलूप न्हाई.’ मग मी पाळकांकडे वळून म्हणाले, ‘तुमीबी या साहेब. सांगायला न्हवं, ऐकायला. आमचं चुकलं तर विचारा, शोधू आपण.’

घरी आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, ‘आता नातेवाइकांत बोलणी बसणार.’ मी म्हणाले, बसू देत. बोलणी खाऊन कुणाचं पोट बिघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

गुरुवारी मामा आले नाहीत. पाळक आले, चपला काढून मागं उभे राहिले. सतरंजी भरली होती. मी ती चादर झटकली आणि लिंबाखाली, सगळ्यांच्या मधोमध अंथरली. नवी कोरी, मोर विणलेली. तिच्यावर बसायला कुणाचा जीव होईना. वहिनीसुद्धा कड सोडून बसली.

शेजारणीनं सूप बाजूला ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचे हात मोकळे होते. तिनं पाय पुसले, चादरीच्या बरोब्बर मध्ये जाऊन मांडी घातली आणि पदर सारखा केला. मी अजून ‘हेळ’ म्हटलंही नव्हतं.

‘नेनु चेप्तानु,’ ती म्हणाली. मी सांगते.