फ्यूज आपल्याच खिशात

फोन उत्तमच्या शेजाऱ्याचा आला. "सर, मास्तर गेले. वेल्डिंगचा शॉक लागला." मी आधी त्याला एक शिवी हासडली आणि मग विचारलं, कुठले मास्तर? कारण उत्तमला वेल्डिंगचा शॉक लागेल हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवण्यात माझी अख्खी नोकरी गेली. हाताखालून गेलेल्या पोरांत कुणाचं बोट भाजलं, कुणाचे डोळे सुजले, एकाच्या दाढीनं पेट घेतला. पण उत्तमइतका भित्रा आणि शिस्तीचा विद्यार्थी मला मिळाला नाही, आणि तोही मिळाला दोघं रिटायर झाल्यावर. तो जाईल तर बीपीनं जाईल, माझी बोलणी खाऊन जाईल, पण शॉकनं? बीडहून चौसाळ्याला पोचेपर्यंत एसटीत मी हेच घोकत होतो, की काहीतरी गफलत झालीय, दुसरंच कुणीतरी गेलं असेल. दुसरं कुणीतरी मेलेलं असू दे, असं मी देवाकडं मागत होतो. माणूस अशा वेळी किती नीच होतो!

उत्तम आणि मी शाळेपासूनचे. तो चित्रकलेचा मास्तर झाला आणि मी लोखंडात गेलो, पेपरात अधूनमधून लिहायची तेवढी हौस. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, प्लॉटिंगच्या धंद्यात पडतात, सकाळी हायवेच्या कडेनं हात झटकत चालतात. ह्यानं हायवेवरच्या भंगारवाल्याकडून एक जुनी अँबॅसडर उचलली आणि ट्रॅक्टरला बांधून घरी ओढत आणली. मागच्या सीटवर एक कोंबडी बसलेली होती, तीही तशीच घरापर्यंत आली. गाडीचा तळ इतका सडला होता की ड्रायव्हरच्या जागी बसून पाय टेकला की थेट जमिनीला लागायचा. त्याच्या आई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे डबडं कावून आणलं रं? जुनी म्हणून मी हाय की घरात!" सुनंदावहिनी पदराआड हसल्या. त्याला गाडीच का हवी होती, ते मला ठाऊक होतं. लहानपणी गावात कुठल्या तरी साहेबाची अशीच गाडी आली होती, ह्यानं कौतुकानं तिच्या बॉनेटवर हात ठेवला, तर ड्रायव्हरनं सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली होती. "दत्ता, त्या बॉनेटवर एकदा निवांत हात ठेवायचाय," एवढंच तो म्हणायचा.

गॅरेजवाल्यांनी तळाचा पत्रा बदलायला नकार दिला, म्हणून मला फोन. वेल्डिंग शिकव म्हणाला. मी म्हटलं, ह्या वयात बासरी शीक. ऐकेना. पहिल्या रविवारी गेलो तर हा टेरिकॉटचा शर्ट, पायात स्लिपर, एकदम तयार!  मी वेल्डिंगची एक कांडी जाळली, तापलेला तुकडा सांडशीनं उचलला आणि वहिनींच्या जुन्या नायलॉन साडीच्या चिंधीवर ठेवला. चिंधी आकसली आणि लोखंडाला चिकटून काळी झाली. "हे तुझ्या छातीचं कातडं समज," म्हटलं आणि चहा न घेताच परत निघालो. पुढच्या रविवारी सुती शर्ट, बूट, चामड्याचा ॲप्रन, कोपरापर्यंत हातमोजे, सगळा थाट. पेट्रोलची टाकी मी त्या दिवशीच उतरवून लांब नेऊन टाकायला लावली. "धुवून घेतली तर?" त्यानं विचारलं. "तुझ्यासारखी धुवून घेणारीच वर जातात," मी म्हटलं. तरी त्यानं एकदा घाण केलीच. टाका कुठं पडतोय ते बघायला म्हणून तोंडासमोरची काच बाजूला करून ठिणगीकडं बघितलं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखा रात्रभर तळमळला, आईनं डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि सकाळी फोन करून मला झाडलं. मी उत्तमला फोनवर बोलावलं आणि म्हटलं, बरं झालं, असंच पाहिजे तुला. मी गोड बोलून शिकवत नाही. गोड बोलून शिकवलेली पोरं डोळे घालवून बसलेली मी बघितली आहेत.

पण ह्या सगळ्याच्या वर माझा एक नियम होता. मशीनच्या केबलला हात लावायचा असेल तर नुसता मेन बंद करून भागायचं नाही. बोर्डातला फ्यूज उपसायचा आणि आपल्याच खिशात ठेवायचा. बोर्डावर ठेवायचा नाही, बायकोच्या हातात द्यायचा नाही... आपल्याच खिशात. कारण आपल्याकडं लाईट आली की माणसं माणसांत राहत नाहीत. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, मोटर लावल्याशिवाय ते टाकीत चढत नाही, आणि लाईट तर तिच्या मर्जीची धनीण. दोन्ही एकदम आले की जो तो दिसेल तो खटका वर करत सुटतो. मागं कोण काय करतंय हे बघायला सवड कुणाला! मी मधेच "फ्यूज कुठाय?" म्हणून खेकसायचो आणि उत्तम पँटच्या खिशावर थाप मारून दाखवायचा. पुढं पुढं तर मी फोनवरही 'कसा आहेस'च्या आधी हेच विचारायला लागलो. तो म्हणायचा, "हाय बाबा खिशात. झोपतानासुद्धा ठेवू का?"

गावानं त्याची लई मापं काढली. मे महिन्याच्या उन्हात चामड्याचा ॲप्रन घालून हा अंगणात उभा राहिला की येणारे-जाणारे थांबून बघायचे. हॉटेलात चहाला गेला की एखादा हटकून विचारायचा, "मास्तर, चंद्रावर कवा चाललात?" गावात जाळ्या-दारं करणारा एक गडी आहे. तो साधा काळा गॉगल लावून, उघड्या पायांनी, तोंडात विडी धरून वेल्डिंग करतो. त्यानं तर सांगितलं होतं, "एवढं भ्यायचं असंल तर मास्तरनं भरतकाम करावं." तो अजून ठणठणीत आहे. परवाच भेटला, हसला आणि मला विडी देऊ केली.

तरी उत्तमनं तळ पुरा केला. सुरुवातीला पातळ पत्र्याला भोकंच भोकं पाडायचा, मग हात बसला. चित्रकलेचा हात तो... टाके इतके सुबक पडायला लागले की मी मुद्दाम खोड काढायचो. पत्रा पक्का बसला का हे बघायला आम्ही त्याच्या आईला गाडीत बसवलं. डोक्यावर पदर घेऊन त्या मागच्या सीटवर अवघडून बसल्या आणि म्हणाल्या, "पडंन का रं खाली?" उत्तम म्हणाला, "आई, उडी मारून बघ." त्यांनी खरंच दोनदा पाय आपटले. इंजिन नाही, चाकात हवा नाही, पण त्या बराच वेळ उतरल्या नाहीत. काचेतून अंगणातलीच पेरू-लिंबाची झाडं बघत बसल्या होत्या. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा शाबास म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही.

त्या दिवशी काय झालं ते वहिनींनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्या लेकीकडं बीडला गेल्या होत्या. मशीनची केबल एके ठिकाणी सोलली गेली होती, ती बदलूनच काम करतो असं तो सकाळी म्हणाला होता. दिवेलागणीला वहिनी परतल्या तर आई देवळात गेलेल्या, आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी पन्हाळीतून अंगणात धो धो पडत होतं. मागच्या शेडमध्ये तो गाडीला टेकून पडलेला होता, हातात केबलची उघडी टोकं. बारीक स्क्रू हातमोज्यात धरता येत नाहीत म्हणून मोजे नीट घडी करून बाजूला ठेवले होते. बाईनं हंबरडा फोडायच्या आधी पळत जाऊन मेन खाली केला, मग त्याला हात लावला. बघायला आलेल्या वायरमननं बोर्ड उघडला, तर फ्यूजच्या जागी तार घातलेली. झालं! गावाला निकाल मिळाला. सगळ्या जगाला सुरक्षा शिकवत होते आणि घरच्या बोर्डात तार घालून बसले होते, मास्तरच्या ॲप्रनचा नुसता देखावा होता, असं लोक अंत्यविधीला उभे राहून, माझ्यादेखत बोलत होते. मी एकाची कॉलर धरली. सोडवायला चार माणसं लागली.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी एका रुमालात बांधून त्याच्या खिशातल्या वस्तू माझ्यापुढं ठेवल्या. चष्म्याचं घर, पेन्सिलीचा तुकडा आणि चिनीमातीचा पांढरा फ्यूज. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे काय हाय ते मला कळंना." मला कळलं, आणि माझं डोकं फिरलं. त्यानं सगळं बरोबर केलं होतं. मेन बंद केला, फ्यूज उपसला, खिशात ठेवला, आणि मग कुणीतरी हरामखोरानं बोर्डात तार घालून मेन वर केला होता. तो कोण, एवढंच मला हवं होतं. मी शेजाऱ्याला धरलं, कारण तो ह्यांच्याच बोर्डावरून लाईट ओढायचा. त्यानं पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. जाळीवाल्याला गाठलं, तो त्या दिवशी गावातच नव्हता. झोप उडाली, घरात कुणाशी धड बोलेना. उत्तम गेला ह्याच्यापेक्षा उत्तमला वेंधळा म्हणतात ह्याचाच मला जास्त राग येत होता, हे खरं सांगतो.

आणि त्यात त्याची आई. मी दिसलो की दारात येऊन उभ्या राहायच्या. "तू शिकवलंस. माझं लेकरू चित्रं काढत होतं, त्येच्या हातात जाळ दिलास. तू मारलंस त्येला." पहिले काही दिवस मी मान खाली घालून ऐकलं. दहाव्याच्या दिवशी माझा तोल गेला. म्हटलं, "आई, मी न्हाई मारलं. ज्यानं तार घातली त्यानं मारलं. तो सापडू द्या, तुमच्या पायावर आणून घालतो." त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आण. मला त्येचं तोंड बघायचंय." तार म्हणजे कुठली तार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. वेल्डिंग करताना गेला, एवढंच त्यांना माहीत होतं.

तेराव्याला जेवणं उरकली. सोयरे, शेजारी, त्याचे शाळेतले सहकारी, सगळे अंगणात सतरंजीवर बसले होते. मी वायरमनलाही बोलावून घेतलं होतं. मी उभा राहिलो, एका हातात फ्यूज, दुसऱ्या हातात वायरमननं बोर्डातून काढलेली ती तार. म्हटलं, हा फ्यूज उत्तमच्या खिशात निघाला, म्हणजे तार त्यानं घातली नाही. ज्यानं घातली तो ह्या अंगणात असेल तर आज बोलू दे, नाहीतर मी हुडकून काढीन आणि ह्याच गावात त्याची धिंड काढीन.  मग घरातून त्याच्या आई बाहेर आल्या, हातात पानाचं तबक घेऊन. माझ्या हाताकडं बघून म्हणाल्या, "ती व्हय? ती मीच घातली की. नळाला पाणी आलतं, मोटर चालू हुईना, बघितलं तर फ्यूजच न्हाई जाग्यावर. मागं काई आवाज नव्हता, मला वाटलं उत्तमच घेऊन गेला दुकानात दावायला. मेन खाली हाय ते आधी बघितलं, मग तार घातली, मग वर केला. कळतं की तेवढं मला. उत्तमनंच दावलं होतं, शाळंत असताना..."

बोलता बोलता त्या थांबल्या. सतरंजीवरचं एकही डोकं वर नव्हतं. वायरमन आपल्या चपला शोधायला लागला होता. त्यांनी एकेकाकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं. "असं कावून बसलात समदे? काय झालं रं दत्ता?" मी तार धरलेला हात पाठीमागं नेला. वहिनींनी त्यांच्या हातातलं तबक घेतलं आणि त्यांना धरून आत नेलं. मग आतून आवाज आला. तो आवाज मी इथं लिहिणार नाही.

त्यानंतर माझं तिकडं जायचं धाडस झालं नाही. गेल्या रविवारी त्यांनीच निरोप धाडून बोलावून घेतलं. गाडी शेडमध्ये तशीच आहे, बॉनेटवर धूळ. त्या पडवीत बसल्या होत्या. नळ आला होता, शेजारी मोटरींची घरघर चालली होती, त्या उठल्या नाहीत. रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "गावात अजून म्हणत्यात, मास्तरनं स्वतःच तार घातली. तुजं लिहिलेलं पेपरात छापून येतं ना? मग लिही, त्येची काई चूक नव्हती." मी म्हटलं, लिहितो आई. फ्यूज त्याच्या खिशात होता हे लिहितो, तार दुसऱ्या कुणीतरी घातली असं लिहितो, तेवढं पुरे.

"दुसऱ्या कुणीतरी न्हाई," त्या म्हणाल्या. "मी घातली म्हणून लिही."

"बरं. त्याच्या आईनं चुकून घातली, असं लिहितो."

"नुसतं आई लिहू नको," त्या म्हणाल्या. "आया लई हायत गावात. नाव लिही."

मला नाव माहीत नव्हतं. शाळेपासून त्या घरात जेवलो, कधी विचारलंच नव्हतं. त्यांनीच सांगितलं, आणि नीट ऐकलं का म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. कौसाबाई.