खोटं बोलणारा स्पीडोमीटर

मंडळी, आज आमच्या इंदिरानगरच्या घरात जे घडलं ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे, अण्णा, हुबळीला पस्तीस वर्षं रेल्वेचे ड्रायव्हर होते. गेल्या रविवारी मी त्यांना कॉम्प्युटरवर ट्रेन चालवायचा गेम लावून दिला. तीन वेळा त्यांची गाडी प्लॅटफॉर्म ओलांडून पुढे गेली. "हात गेला माझा," एवढंच म्हणाले आणि आठवडाभर त्या खोलीत फिरकले नाहीत.

आज सकाळी मात्र स्वतःहून येऊन बसले. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि गाडी सोडली.

"अण्णा, काटा साठवर आहे, वेग बरोबर आहे," मी म्हटलं.

"स्वल्प थांब गं. साठला एका किलोमीटरला साठ सेकंद लागायला पाहिजेत. रुळाकडेच्या दोन किलोमीटर-दगडांमध्ये सदतीसच लागले. हा काटा खोटं बोलतोय!"

मी हिशोब केला. काट्याखाली 'किमी' लिहिलं होतं, पण आकडा मैलांचा होता! गाडी जवळजवळ सत्त्याण्णवनं धावत होती.

मग अण्णांनी काट्याकडे पाहिलंच नाही. घड्याळ आणि दगड बघत ब्रेक लावले. गाडी बरोबर प्लॅटफॉर्मच्या टोकाला थांबली. मी ओरडलेच! जेवणापर्यंत त्यांनी सलग पाच स्टेशनं घेतली, एकही चुकलं नाही.

आठवडाभर अण्णांनी स्वतः आणि मीही त्यांच्या हातावर शंका घेतली, स्क्रीनवर नाही. तुमच्याही बाबतीत असं कधी झालंय का?