आईच्या आठ कॅसेटी

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, मुलीच्या तर नाहीच. नऊ वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, म्हणून असेल.

मानकोलीला आमच्या शेतावर आता गोदामं आहेत. भाडं येतं. त्या पैशात कुणी शर्यतीचे बैल पाळतो, मी गाणं ऐकायची खोली बांधली. सिस्टिमचं बजेट सहा महिने कागदावर मांडत होतो. अर्धे पैसे स्पीकरला, पाव हिस्सा अ‍ॅम्प्लिफायरला, उरलेल्यात रेकॉर्ड प्लेअर आणि वायरी — या नादातली जाणती माणसं असंच सांगतात. एकेक वस्तू येत गेली; यादीत सगळ्यात खाली एक ओळ उरली होती: जुना, दुरुस्त केलेला कॅसेट डेक. तो आईसाठी.

आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, गाते ती. कोनपासून शेलारपर्यंतच्या गावांतून तिला बोलावणी यायची. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, घोगरी कुजबुज तेवढी उरली. मागे राहिल्या आठ कॅसेटी — वडिलांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेल्या. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती हट्टाला पेटली: माझ्या हळदीला धवले मीच गाणार, आजी, मला शिकव. पण आईला कडवी आठवेनात. एक सुचायचं, पुढचं हरवायचं. ती मला म्हणाली, "बाला, तुझे मशिनीवर त्या कॅसेटी लाव. ऐकलं का माना सगला आठवंल."

त्याच आठवड्यात दुकानदारानं मला एक जाडजूड पॉवर केबल दाखवली. मी डेकची ओळ खोडली. दीड मीटर वायरीसाठी. पण पैशावर ढकलून मी सुटतोय का? डेक नंतर घेता आला असता. साधा टेपरेकॉर्डरही चालला असता.

खरं वेगळंच आहे — सांगतो. चालतात का बघायला कॅसेटी घेऊन मी भिवंडीत एका रिपेअरवाल्याकडे गेलो होतो. त्यानं एक लावली. आईचा आवाज आला, खणखणीत. मागे कुणाचं खोकणं, मधेच एक कोंबडी. त्यानं हातातलं काम थांबवलं. "क्या आवाज है भाई. कौन है?"

"पता नहीं," मी म्हणालो. "गाँव की कोई औरत है."

असं का म्हणालो? दर रविवारी ठाण्याहून, कल्याणहून मित्र यायचे माझ्या खोलीत. तानपुऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू आली पाहिजे, अशी माणसं. त्यांच्या कानावर हा आगरी हेल, ही कोंबडी — मला लाज वाटली. आईची लाज वाटली. लिहिलं एकदाचं.

घरी येऊन सांगितलं, रिळं बुरशीनं खाल्ली, काही निघत नाही. आई म्हणाली, "जाव दे." तिथं थांबलो असतो तरी काही उरलं असतं. पण मुलगी म्हणायला लागली, मी मुंबईला दाखवून येते. मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी आठही कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. त्यानं त्या प्लास्टिकच्या ढिगात टाकल्या, आणि मी उभा राहून बघितलं. मुलीला सांगितलं, आजीनंच टाकायला लावल्या. हेही खोटं.

लग्नात बँडवाल्यांची गायिका गायली. हळद लागताना आईचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं थांबले. पाटावरून मुलगी तिच्याकडेच बघत होती.

आई अजून आहे. दुपारी माझ्या खोलीत येऊन बसते, मी लावीन ते ऐकते, दुसऱ्या बायकांच्या आवाजाचं कौतुक करते. मी आवाज कमी-जास्त करत बसतो.

परवा कोनची मावशी आली होती. धवल्यांचा विषय निघाला, कॅसेटींचाही. आई त्या घोगऱ्या कुजबुजीत तिला समजावत होती, "माझे पोरानं लय फिरवल्या गो. मोठमोठे दुकानान नेल्या. त्याचा काय दोस न्हाय."

मावशीनं माझ्याकडे बघून विचारलं, "खरा हाय ना?"

मी हो म्हणालो.